जवळून जाणाऱ्या ताऱ्याचा हिशेब: तीन मोजमापं, एक स्प्रेडशीट आणि भरपूर संशय

‘अमुक तारा सूर्यमालेवर चाल करून येतोय’ अशी बातमी अधूनमधून फिरते आणि ओळखीतलं कुणी ना कुणी ती मला धाडतं. तारे हा माझा छंद, पोटापाण्याचा धंदा हिशेबतपासणीचा. त्यामुळे असं काही आलं की मी घाबरत नाही आणि हसतही नाही, मूळ कागद मागतो. ताऱ्यांच्या बाबतीत मूळ कागद खरोखरच मिळतो, तोही फुकट. कोणता तारा सूर्याच्या किती जवळून आणि केव्हा जाणार, हे शाळेतल्या भूमितीवर काढता येतं. दुर्बीण लागत नाही, कॅल्क्युलस लागत नाही. लागतो तो समोर आलेल्या आकड्यावर लगेच विश्वास न ठेवण्याचा स्वभाव. या लेखाचा निम्मा भाग त्यासाठीच आहे.

आधी रकाने मांडा

नवी शीट उघडा आणि ताऱ्याच्या नावापुढे चार रकाने ठेवा. पहिला पराशयाचा, म्हणजे पॅरॅलॅक्सचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत वर्षभरात किंचित डोलताना दिसतो. त्या एकूण डोलण्याचा हा निम्मा कोन. तो आर्कसेकंदात (अंशाचा ३,६००वा भाग) घेऊन १ ला त्याने भागलं की अंतर थेट पार्सेकमध्ये मिळतं. १ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं, किंवा २,०६,२६५ खगोलीय एककं. एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे अंतर.

दुसरा आणि तिसरा रकाना निजगतीचा. तारा आकाशात वर्षाला किती सरकतो, पूर्व-पश्चिम दिशेत किती आणि उत्तर-दक्षिण दिशेत किती, ते इथे येतं. चौथा रकाना अरीय वेगाचा: तारा आपल्याकडे येतोय की आपल्यापासून दूर जातोय, आणि सेकंदाला किती किलोमीटरने. हा वेग वर्णपटातल्या रेषा सरकण्यावरून कळतो. उणे चिन्ह असेल तर तारा जवळ येतोय, अधिक असेल तर दूर चाललाय. चिन्हाची गल्लत झाली की भविष्यातली भेट भूतकाळात जाऊन पडते, तेव्हा हा रकाना भरताना सावकाश.

मोजमापं तीनच, पण निजगतीचे दोन भाग असल्यामुळे रकाने चार. प्रत्येकाच्या शेजारी त्याच्या त्रुटीचा रकानाही आत्ताच करून ठेवा. तो नंतर भरू म्हणणारे तो कधीच भरत नाहीत.

आकडे कुठून घ्यायचे

युरोपीय अवकाश संस्थेचं ‘गाया’ हे यान १९ डिसेंबर २०१३ रोजी निघालं आणि जानेवारी २०२५ पर्यंत आकाश मोजत राहिलं. त्याची तिसरी माहितीयादी, जिला सगळे डीआर३ म्हणतात, १३ जून २०२२ रोजी पूर्ण खुली झाली. तिच्यात सुमारे १.८ अब्ज नोंदी आहेत. मात्र अरीय वेग मिळतो तो त्यातल्या सुमारे ३.३ कोटी ताऱ्यांचाच. ही तफावत लक्षात असू द्या. ज्याचा अरीय वेग माहीत नाही तो तारा उद्या आपल्या दारात उभा राहणार असला तरी या हिशेबात येत नाही.

एकेक तारा बघायचा असेल तर स्ट्रासबूर्गच्या ‘सिम्बाद’ या सूचीत नाव टाका. चारही आकडे एका पानावर येतात आणि प्रत्येक आकडा कुठून उचलला तेही तिथे लिहिलेलं असतं. ती माहिती सोडून फक्त आकडा उतरवून घेणं म्हणजे बिल न बघता रक्कम पास करणं.

दोन बारकावे आहेत. गायाच्या यादीतली पूर्व-पश्चिम निजगती आधीच क्रांतीच्या (खगोलीय विषुववृत्तापासून ताऱ्याचं कोनीय अंतर) कोज्येने, म्हणजे कोसाइनने, गुणलेली असते. तुम्ही पुन्हा गुणायचं नाही. दुसरं म्हणजे फार तेजस्वी तारे गायाला झेपत नाहीत. व्याध किंवा मित्र तारा, म्हणजे अल्फा सेंटॉरी, यांचे आकडे गायात शोधत बसू नका. त्यांच्यासाठी १९८९ साली सोडलेल्या ‘हिपार्कोस’ यानाची जुनी यादी बरी.

सूत्रं

गृहीत एकच धरायचं: सूर्याच्या तुलनेत तारा सरळ रेषेत, एकाच वेगाने चाललाय. मग सगळा प्रश्न एका काटकोन त्रिकोणाचा उरतो.

निजगतीच्या दोन्ही भागांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या. ही एकूण निजगती. तिला ४.७४ ने गुणून पराशयाने भागलं की आडवा वेग किलोमीटर प्रति सेकंदात मिळतो. दोन्ही आकडे एकाच एककात हवेत: दोन्ही आर्कसेकंदात किंवा दोन्ही मिलिआर्कसेकंदात. ४.७४ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. एका वर्षात एक खगोलीय एकक एवढं अंतर कापणाऱ्या वस्तूचा तो किलोमीटर प्रति सेकंदातला वेग आहे.

आडवा वेग आणि अरीय वेग यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की एकूण वेग. त्यानंतरची दोन सूत्रं कामाची आहेत:

सर्वांत जवळचं अंतर = आत्ताचं अंतर × आडवा वेग ÷ एकूण वेग

भेटीला उरलेली वर्षं = ९,७७,८०० × आत्ताचं अंतर × अरीय वेग ÷ एकूण वेगाचा वर्ग, आणि चिन्ह उलटं करा

अंतर पार्सेकमध्ये आणि वेग किलोमीटर प्रति सेकंदात असला तर उत्तर वर्षांत येतं. उत्तर उणे आलं तर भेट होऊन गेली.

बर्नार्डच्या ताऱ्यावर हात बसवा

पहिलं गणित बर्नार्डच्या ताऱ्याचं करा, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि ताळा जुळवायला सोपं जातं. पराशय ०.५४७ आर्कसेकंद, म्हणजे अंतर १.८२८ पार्सेक. निजगती वर्षाला १०.३९ आर्कसेकंद, आकाशातल्या कोणत्याही ताऱ्यापेक्षा जास्त. अरीय वेग उणे ११०.५.

आडवा वेग: ४.७४ × १०.३९ ÷ ०.५४७, म्हणजे ९० किलोमीटर प्रति सेकंद. एकूण वेग १४२.५. जवळचं अंतर: १.८२८ × ९० ÷ १४२.५, म्हणजे १.१५५ पार्सेक, सुमारे ३.८ प्रकाशवर्षं. वेळ: ९,७७,८०० × १.८२८ × ११०.५ ÷ २०,३०६, म्हणजे सुमारे ९,७०० वर्षं. इसवी सनाच्या ११,७०० च्या आसपास हा तारा प्रॉक्झिमा या आजच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापेक्षाही जवळ असेल.

तुमच्या शीटमध्ये हेच आलं नाही तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा घोळ आर्कसेकंद आणि मिलिआर्कसेकंद यांचा असतो, आणि तो हजारपटीचा असल्यामुळे लगेच दिसतो. उत्तर थोडंसंच चुकत असेल तर वर्गमुळाच्या कंसात बघा.

हा तारा एवढा जवळ आला म्हणजे आकाशात झळकेल, असं वाटत असेल तर तेही काढून बघा. जवळच्या अंतराला आत्ताच्या अंतराने भागा, त्याचा दहाच्या पायावरचा लॉगॅरिदम घ्या, ५ ने गुणा आणि आत्ताच्या प्रतीत (ताऱ्याच्या तेजाचा आकडा; जितका लहान तितका तारा तेजस्वी) मिळवा. बर्नार्डची आजची प्रत सुमारे ९.५; भेटीच्या वेळी ती जेमतेम ८.५ होईल. नुसत्या डोळ्यांना तेव्हाही दिसणार नाही. बिचारा लाल खुजा तारा आहे, उजेडाच्या बाबतीत दरिद्री.

आणखी एक सोपा तारा सरावासाठी घ्या. रॉस २४८ हा आज १०.३ प्रकाशवर्षांवर आहे; पराशय ०.३१६५, निजगती १.५९६, अरीय वेग उणे ७७.३. उत्तर सुमारे ३ प्रकाशवर्षं आणि ३६,००० वर्षं यायला हवं. तो तेव्हा सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी असेल. व्हॉयेजर २ हे यान सुमारे ४०,००० वर्षांनी याच ताऱ्यापासून १.७ प्रकाशवर्षांवरून जाणार आहे. यान काही त्याच्याकडे धाव घेत नाही, ताराच इकडे येतोय.

न हलणारा तारा शोधा

बर्नार्डचा तारा प्रसिद्ध आहे तो भरधाव सरकतो म्हणून. पण खरोखर जवळून जाणारे तारे नेमके याच्या उलट वागतात. उंच उडालेला चेंडू क्षेत्ररक्षकाला डावीउजवीकडे सरकताना दिसत असेल तर तो बाजूने जाणार. एकाच जागी थांबून नुसता मोठा होत असेल तर हात पुढे करायला हवेत. ताऱ्यांचंही तसंच. जवळ असूनही जो आकाशात जागचा हलत नाही, त्याच्याकडे बघायचं.

ग्लीझ ७१० घ्या. भुजंग तारकासमूहातला हा नारिंगी तारा आहे, प्रत ९.७, वस्तुमान सूर्याच्या साधारण दोन तृतीयांश. पराशय ५२.४० मिलिआर्कसेकंद, म्हणजे १९.०९ पार्सेक किंवा ६२ प्रकाशवर्षं. एवढ्या जवळच्या ताऱ्याची निजगती शेकड्यांत असायला हरकत नसते. गायाच्या यादीत मात्र तिचे दोन भाग उणे ०.४१ आणि उणे ०.११ असे दिसतात. एकूण ०.४३ मिलिआर्कसेकंद. बर्नार्डचा तारा तासाभरात याच्या वर्षभरापेक्षा जास्त सरकतो. अरीय वेग उणे १४.४.

आडवा वेग निघतो सुमारे ०.०३९ किलोमीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. ताऱ्याच्या मानाने हा वेग म्हणजे उभं राहणंच. जवळचं अंतर ०.०५१ पार्सेक, साधारण १०,६०० खगोलीय एककं. प्रकाशवर्षाचा सहावा हिस्सा. वेळ सुमारे १२.९ लाख वर्षं. प्रतीचं गणित केलंत तर उणे ३.२ येईल, गुरूपेक्षा तेजस्वी, शुक्रापेक्षा मंद.

असे तारे चाळायचे असतील तर प्रत्येक वेळी सगळी सूत्रं लावत बसण्याची गरज नाही. आडवा वेग नगण्य असेल तेव्हा सगळं एका ओळीत मावतं:

जवळचं अंतर ≈ ४,७४० × निजगती ÷ (पराशयाचा वर्ग × अरीय वेग)

इथे निजगती आणि पराशय दोन्ही मिलिआर्कसेकंदात, उत्तर पार्सेकमध्ये. माझ्या शीटमध्ये हाच चाळणीचा रकाना आहे. उत्तर १ च्या खाली आलं की ती ओळ रंगते आणि मग मी तिच्यामागे लागतो. या सूत्राकडे जरा टक लावून बघा: पराशय वर्गात आहे. पराशयात पाच टक्के चूक असेल तर अंतरात दहा टक्के. दूरच्या ताऱ्यांच्या बाबतीत ही चूक बघता बघता हाताबाहेर जाते. यादीत काही पराशय चक्क उणे असतात. मोजमापाच्या गोंगाटात तसं होतं. त्या ओळी सोडून द्या.

आता ताळेबंद तपासा

उत्तर आलं म्हणून काम संपत नाही. इथून पुढे मी माझ्या धंद्याच्या सवयीने वागतो: प्रत्येक आकडा दोषी आहे असं धरून चालायचं आणि त्याने निर्दोषत्व सिद्ध करायचं.

पहिली तपासणी त्रुटीची. शीटमध्ये एक हजार ओळी करा. प्रत्येक ओळीत पराशय, निजगतीचे दोन भाग आणि अरीय वेग हे आपापल्या त्रुटीच्या प्रमाणात यादृच्छिकपणे थोडे हलवा. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये सामान्य वितरणाचं उलटं फंक्शन असतं. त्याला सरासरी, त्रुटी आणि एक यादृच्छिक संख्या दिली की काम होतं. मग हजार उत्तरं चढत्या क्रमाने लावा आणि पन्नासावं, पाचशेवं आणि साडेनऊशेवं बघा. मधलं उत्तर एकटं कधीच सांगू नका. दोन्ही टोकं सोबत सांगा.

ग्लीझ ७१० च्या निजगतीतली त्रुटी ०.०२ मिलिआर्कसेकंदाच्या घरातली आहे, त्यामुळे उत्तर घट्ट बसतं. पण हाच तारा हिपार्कोसच्या काळात बघा. तेव्हाची त्रुटी मिलिआर्कसेकंदाच्या घरातली, म्हणजे आज माहीत असलेल्या निजगतीपेक्षाही मोठी. १९९९ साली त्या आकड्यांवरून निघालेलं अंतर ०.३४ पार्सेक होतं, प्रकाशवर्षाहून जास्त. २०१६ मध्ये गायाच्या पहिल्या यादीवरून ते १३ हजार खगोलीय एककांवर आलं. तारा तोच, वाट तीच, फक्त मोजपट्टी बदलली. यातून एक कायमची खूण लक्षात ठेवा: निजगती तिच्या त्रुटीइतकीच असेल, तर येणारं अंतर ताऱ्याचं नसून त्रुटीचं असतं, आणि ते बहुधा खऱ्यापेक्षा मोठं दिसतं. एकूण निजगती शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे गोंगाट तिला वरच ढकलतो.

दुसरी तपासणी जोडीची. यादीत ‘रूवे’ नावाचा एक रकाना असतो. एकटा तारा सरळ चाललाय असं गृहीत धरून काढलेलं उत्तर मोजमापांशी कितपत जुळलं, ते तो सांगतो. १ च्या आसपास असेल तर ठीक. १.४ च्या वर गेला की समजायचं, काहीतरी पाणी मुरतंय; बरेचदा ताऱ्याला जोडीदार असतो आणि त्याच्या ओढीमुळे तारा डुलत असतो. ते डुलणं निजगतीत मिसळतं. नेहमीच्या ताऱ्याला ते खपून जाईल, पण आपल्याला हवे असलेले तारे मुळातच न हलणारे, त्यामुळे एवढंसं डुलणंही सगळा निकाल फिरवतं.

तिसरी तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इथे त्रुटीचा रकानाही मदतीला येत नाही. अरीय वेग कसा मोजला?

नौपृष्ठ तारकासमूहात डब्ल्यूडी ०८१०-३५३ नावाचा एक श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, आहे, ३६ प्रकाशवर्षांवर. २०२२ मध्ये डीआर३ चाळताना त्याचा अरीय वेग सेकंदाला उणे ३७० किलोमीटरहून जास्त दिसला. त्या हिशेबाने तो अवघ्या २९,००० वर्षांत सूर्यापासून ०.१५ पार्सेकवरून जाणार होता. ग्लीझ ७१० च्या तुलनेत ही भेट उद्यावर आलेली. सगळ्या ओळी बरोबर होत्या, गणित बरोबर होतं, शंका होती ती फक्त त्या वेगावर. ज्यांनी तो शोधला त्यांनीही ती बोलून दाखवली होती.

गाया अरीय वेग मोजतं ते अवरक्त प्रकाशाच्या एका अरुंद पट्ट्यात, साधारण ८४६ ते ८७० नॅनोमीटर. सूर्यासारख्या ताऱ्यांत तिथे कॅल्शियमच्या तीन ठसठशीत रेषा असतात आणि त्या किती सरकल्या हे बघून वेग निघतो. श्वेतबटूच्या वर्णपटात या रेषाच नसतात, हायड्रोजनच्या रुंद रेषा असतात. त्यातून हा श्वेतबटू चुंबकीय. युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या व्हीएलटी दुर्बिणीवरून त्याचा वर्णपट नीट घेतला गेला, तेव्हा त्याचं चुंबकीय क्षेत्र कोट्यवधी गाउसचं असल्याचं दिसलं. एवढं क्षेत्र रेषांना फोडतं आणि जागेवरून हलवतं. यंत्राने ते हलणं वेग म्हणून वाचलं. २०२३ मध्ये भेट रद्द झाली.

तेव्हा नियम असा: तारा श्वेतबटू असेल तर गायाचा अरीय वेग वापरायचाच नाही. फार मंद किंवा फार उष्ण तारा असेल तर दुसऱ्या एखाद्या दुर्बिणीने मोजलेला वेग मिळतो का ते बघायचं. आणि अरीय वेग सेकंदाला शेकडो किलोमीटर दिसला की आनंद व्हायच्या आधी दुसरा साक्षीदार शोधायचा. असे वेग खरे असू शकतात, पण ते दुर्मीळ आहेत. चुका तेवढ्या दुर्मीळ नाहीत.

सरळ रेषा कुठवर चालते

सूर्य आणि तारे सगळेच आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतायत, त्यामुळे वाटा वाकतात. काही हजार किंवा काही लाख वर्षांसाठी सरळ रेषा बिनधास्त वापरा. दहा लाख वर्षांच्या पुढे गेलात की वाकणं जाणवू लागतं. ग्लीझ ७१० च्या बाबतीत आकाशगंगेचं गुरुत्वाकर्षण धरून केलेल्या हिशेबांत ०.०५ ते ०.०६५ पार्सेक अशी उत्तरं आली आहेत. आपल्या सरळ रेषेचं ०.०५१ त्याच्या काठावर बसतं. पन्नास लाख वर्षांच्या पुढे तर स्प्रेडशीट बंद करून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेकडे वळलेलं बरं. आकाशगंगेतली कक्षा काढणारी तयार साधनं तिथे आहेत. तेवढ्या लांबचं भाकीत करायचं कशाला, हा माझा वैयक्तिक प्रश्न. मोजमापंच तेवढी साथ देत नाहीत.

उत्तर मिळाल्यावर: किती धक्का बसेल?

जवळचं अंतर हा अर्धाच निकाल. ताऱ्याचं वस्तुमान किती आणि तो किती वेगाने गेला, यावरून त्याचा परिणाम ठरतो. धक्क्याचा अंदाज हवा असेल तर वस्तुमानाला वेग आणि अंतर यांच्या गुणाकाराने भागा. आकड्याला स्वतंत्र अर्थ नाही; दोन ताऱ्यांची तुलना करायला तो उपयोगी.

शोल्झचा तारा हे याचं चांगलं उदाहरण. एकशृंग तारकासमूहातली ही एक लाल खुजा तारा आणि एक तपकिरी बटू यांची जोडी आहे, आज २२ प्रकाशवर्षांवर. २०१५ साली तिचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा ७०,००० वर्षांपूर्वी ०.२५ पार्सेकवरून गेल्याचं सांगितलं गेलं. नव्या मोजमापांनी ते सुमारे ०.३३ पार्सेक आणि ८०,००० वर्षांच्या आसपास गेलं. माणसं तेव्हा पृथ्वीवर होती, म्हणून बातम्यांना हा तारा फार आवडतो. पण दोघांचं मिळून वस्तुमान सूर्याच्या सुमारे १५ टक्के आणि वेग सेकंदाला ८० किलोमीटरच्या वर. भागाकार करून बघा: ०.१५ ला ८३ आणि ०.३३ यांनी भागायचं. तेच ग्लीझ ७१० साठी: ०.६५ ला १४.४ आणि ०.०५१ यांनी. दुसरा आकडा पहिल्याच्या दीडशेपटीहून मोठा येतो. एक गडबडीत दुरून निघून गेला, दुसरा रमतगमत अंगणातून जाणार आहे.

हे अंगण म्हणजे ऊर्टचा मेघ. यान ऊर्ट या डच खगोलशास्त्रज्ञांनी १९५० साली मांडलेली ही धूमकेतूंची वखार सूर्यापासून काही हजार खगोलीय एककांपासून साधारण एक लाख एककांपर्यंत पसरलेली मानली जाते. तारा जवळून गेला की तिथले काही धूमकेतू आतल्या बाजूला ढकलले जातात. पण ते लगोलग येत नाहीत, आणि किती उशीर लागेल तेही केप्लरच्या नियमाने निघतं: दीर्घ अक्षाचा निम्मा भाग खगोलीय एककांत घ्या, त्याचा दीड घात करा, कक्षेचा काळ वर्षांत मिळतो. २०,००० एककांवरून जवळजवळ सरळ आत पडणाऱ्या धूमकेतूचा निम्मा अक्ष १०,०००. काळ दहा लाख वर्षं, आणि आत यायला त्याच्या निम्मा वेळ, पाच लाख वर्षं. शोल्झचा तारा सुमारे ६८,००० एककांवरून गेला. तिथून निघालेल्या धूमकेतूला तीस लाखांहून जास्त वर्षं लागतील. ‘त्या ताऱ्याने धाडलेला धूमकेतू आला’ असं कुणी सांगितलं तर हा हिशेब पुढे करा.

भूतकाळातलाच आणखी एक तारा यादीत असायला हवा: एचडी ७९७७, शर्मिष्ठा तारकासमूहातला, सूर्यासारखा, सुमारे २५० प्रकाशवर्षांवर. चाळणीच्या सूत्रात पराशय १३.२, निजगती ०.१४, अरीय वेग २६.८ टाका. ०.१४ पार्सेकच्या आसपास येईल, म्हणजे सुमारे ३०,००० एककं, आणि भेट सुमारे २८ लाख वर्षांपूर्वीची. पण आता त्रुटीच्या हजार ओळी चालवा. २०२४ मध्ये नेथन केब आणि शॉन रेमंड यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच ताऱ्यासाठी ४,००० ते ३१,००० एककं एवढी रुंद शक्यता धरली आहे. ४,००० वर असता तर ग्रहांच्या कक्षांवरही त्याची छाप राहिली असती, आणि पृथ्वीची कक्षा मागे मोजत जाऊन प्राचीन हवामान ठरवणाऱ्यांना तो हिशेबात धरावा लागला असता. ३१,००० वर असता तर फारसं काही नाही. एका ताऱ्याच्या निजगतीतल्या मिलिआर्कसेकंदाच्या शेकडाव्या हिश्श्यांवर हे अडलंय.

बातमी समोर आली की आता काय विचारायचं ते तुमच्याकडे आहे: पराशय किती आणि त्रुटी किती, निजगती त्रुटीपेक्षा मोठी आहे का, रूवे किती, अरीय वेग कुणी आणि कोणत्या रेषांवरून मोजला, तारा कोणत्या जातीचा. भेट एक पार्सेकच्या आतली आहे म्हणून दचकण्याचं कारण नाही. गायाच्या दुसऱ्या यादीवरून काढलेलं प्रमाण दर दहा लाख वर्षांत सुमारे २० तारे असं होतं, म्हणजे सरासरी ५०,००० वर्षांत एक.

गायाची चौथी यादी डिसेंबर २०२६ मध्ये यायची आहे. तीत साडेपाच वर्षांची निरीक्षणं असतील. तिसरीत ३४ महिन्यांचीच होती. निजगतीची त्रुटी काळ लांबला की झपाट्याने घटते, त्यामुळे एचडी ७९७७ सारख्या ताऱ्यांचा निकाल बदलण्याची शक्यता चांगली आहे. म्हणून शीट अशी बांधा की मूळ आकडे एका पानावर आणि सूत्रं दुसऱ्या पानावर राहतील, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या यादीतून, कोणत्या तारखेला घेतला ते लिहा. नवी यादी आली की फक्त पहिलं पान बदलायचं. जुनं पान पुसू नका, ते नाव बदलून तसंच ठेवा.